‘गाय’ म्हणजे कोंबडी : हाँगकाँगच्या यम छा हॉटेलात जाण्याआधी

हाँगकाँगला नव्यानं आलेलं मराठी कुटुंब पहिल्या महिन्याभरात माझ्याकडे एक गाऱ्हाणं घेऊन येतंच. "खालच्या चिनी हॉटेलात गेलो होतो हो. वीस मिनिटं बसलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी उठलो आणि घरी येऊन मॅगी केली."

मी विचारते, "चहा सांगितलात का?"

"चहा? आम्हाला तर जेवायचं होतं!"

तिथंच घोडं पेंड खातं.

मी मूळची चिपळूणची, गेली १४ वर्षं हुंग होमला राहते. आमच्या वसाहतीच्या बाजारसंकुलात तिसऱ्या मजल्यावर एक कॅन्टोनीज हॉटेल आहे. साठेक टेबलं, खाली गालिचा, वर काचेची झुंबरं, एका टोकाच्या भिंतीवर लग्नाच्या जेवणावळींसाठी सोनेरी ड्रॅगन आणि फिनिक्स. गलका एवढा, की समोरच्याशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो. पहिली दोन वर्षं मी त्याच्या दारावरून नुसती येजा करत होते. मग आमच्याच मजल्यावरच्या एका आजींनी एका मंगळवारी सकाळी माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. मी त्यांना पो पो म्हणते. इथं आईच्या आईला तसं म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नाही, मला तेव्हा कॅन्टोनीजचं ओ की ठो येत नव्हतं. त्यामुळे त्यांनी जे शिकवलं ते हाताला धरून, आणि दोनतीनदा हातावर चापट मारून. खाली लिहिलंय ते बहुतेक सगळं त्यांच्याच शाळेतलं.

आधी एक गैरसमज काढून टाका. तिथले वेटर उद्धट नसतात. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात पाऊल टाकल्यावर "या, बसा, काय घेणार" असं कुणी म्हणायचं का? येणाऱ्याला सगळं ठाऊक आहे असं धरून चालायचे. इथंही तसंच. तुम्ही मेन्यू कधी येतो याची वाट बघत बसता, आणि वेटर तुम्ही चहाचं नाव कधी सांगता याची.

कधी जायचं

या खाण्याला ‘यम छा’ म्हणतात. शब्दशः ‘चहा पिणं’. डिम सम हे त्या चहासोबतचं खाणं. जुन्या लोकांत ‘यात जुंग ल्युंग गिन’ असा वाक्प्रचार आहे: एक कप चहा आणि दोन पदार्थ. म्हणजे मान चहाचा. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

यम छा सकाळपासून दुपारी तीनसाडेतीनपर्यंत चालतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेनऊला जा. तेव्हा म्हातारी माणसं वर्तमानपत्र पसरून बसलेली असतात, वेटरला उसंत असते आणि बऱ्याच ठिकाणी दरही कमी असतो. दुपारी दोननंतरही पुष्कळ हॉटेलं दर उतरवतात. रविवारी साडेअकरा ते दीड या वेळात तीन पिढ्यांची कुटुंबं येतात. पहिल्याच खेपेला त्या वेळी जाऊ नका. जायचंच झालं, तर दारावरच्या यंत्रातून किंवा तिथं उभ्या असलेल्या बाईकडून नंबराची चिठ्ठी घ्या. ती विचारेल, "गेय वाय?" म्हणजे किती जण. दोघं असाल तर "ल्युंग वाय", तिघं "साम वाय", चौघं "सेय वाय". बोटं दाखवलीत तरी चालतं. नंबर कॅन्टोनीजमध्ये पुकारतात, तेव्हा कानांवर विसंबू नका, पाटीकडे डोळे ठेवा.

गर्दीत एकटेदुकटे गेलात तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतील. त्याला ‘दाप तोय’ म्हणतात. संकोच करू नका, गप्पाही मारायला जाऊ नका. मान हलवायची आणि बसायचं. आपापली चहादाणी, आपापलं बिल.

बसल्या बसल्या चहा

खुर्ची ओढताच वेटर विचारतो, "यम मात छा?" कुठला चहा? हा इथला पहिला प्रश्न, आणि नीट विचारलेला बहुधा शेवटचाही. तुम्ही "अं?" केलंत की तो दुसऱ्या टेबलाकडे वळतो. म्हणून उत्तर दारातूनच तोंडात घोळवत या.

‘पो लेय’ हा काळपट, मातकट वासाचा आंबवलेला चहा. तळकट खाण्यावर उत्तम, आणि म्हाताऱ्यांचा लाडका. पहिला घोट घेतला तेव्हा मला आमच्या माळ्यावरच्या पोत्यांचा वास आठवला होता. आता त्याच्याशिवाय चैन पडत नाही. ‘साउ मेय’ हा हलका, पांढऱ्या चहातला. ‘ह्युंग पिन’ला चमेलीचा वास असतो, नवख्याला तोच आवडतो. ‘थिट क्वुन यम’ हा ऊलाँग, जरा कडक. आणि ‘कुक पो’ म्हणजे पो लेयमध्ये शेवंतीची सुकी फुलं. मी पाहुण्यांसाठी हाच सांगते, कारण पो लेयचा मातकटपणा फुलांनी मवाळ होतो.

दूध मागू नका, साखरही नाही. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी खुणेनं दूध मागितलं, तर वेटरनं बराच विचार करून त्यांना सोयामिल्कची बाटली आणून दिली. दुधाचाच चहा हवा असेल तर तो ‘छा छान तेंग’ या दुसऱ्या जातीच्या उपाहारगृहात मिळतो. तिथं आटवलेलं डबाबंद दूध घालून कापडी गाळण्यातून गाळलेला दाट चहा करतात. ती कृती २०१७ साली हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत आली आहे. पण तो विषय वेगळा. यम छाच्या टेबलावर दूध नाही म्हणजे नाही. आणि वाईट वाटून घेऊ नका: आपला ‘चहा’ आणि त्यांचा ‘छा’ एकाच कुळातले.

चहा फुकट नसतो. बिलावर माणशी चहाचे पैसे लागतात, त्यातच टेबलावरची मोहरीची आणि मिरचीची चटणी धरलेली असते. "आम्ही चहा मागितलाच नव्हता" म्हणून भांडणारे आपले लोक मी पाहिलेत. ते पैसे टेबलाचे समजा.

पहिला चहा प्यायचा नाही

इथं माझ्या हातावर पहिली चापट बसली.

टेबलावर दोन चहादाण्या येतात, एकीत चहा, दुसरीत नुसतं उकळतं पाणी. शिवाय एक मोठा रिकामा वाडगा. मी कपात चहा ओतला, फुंकर घातली, आणि पो पोंनी कप माझ्या ओठांपासून ओढून घेतला. मग दाखवलं: कप वाटीत ठेवायचा, वरून गरम चहा ओतायचा, कप त्यातच आडवा करून गोल फिरवायचा, चमचा बुडवायचा, चॉपस्टिकची टोकं बुडवायची, मग वाटी हलवून सगळं पाणी मोठ्या वाडग्यात रिकामं करायचं. याला ‘लाँग वुन’ म्हणतात. वाटी धुणं.

भांडी घाण असतात म्हणून हे करतात असं नाही. कधी काळी असतीलही. आता ती सवय आहे, जेवायला बसताना आपण ताटाभोवती पाणी फिरवतो तशी. घरातलं धाकटं माणूस सगळ्यांच्या वाट्या धुतं. तुम्ही पाहुणे असाल तर यजमान करतील. तुम्ही करायला लागलात तर ती मंडळी एकदम खूश होतात. झगमगीत, महागड्या जागी मात्र कुणी असं करत नाही. शेजारच्या टेबलाकडे बघा आणि ठरवा.

त्यानंतर ओतायचा प्यायचा चहा. आधी वडीलधाऱ्यांच्या कपात, मग इतरांच्या, सर्वात शेवटी आपल्या. चहादाणीची चोच कुणाकडे रोखून ठेवू नका. तुमच्या कपात कुणी चहा ओतला, तर तर्जनी आणि मधलं बोट किंचित वाकवून टेबलावर दोनतीनदा टकटक करायची. ते झालं ‘आभारी आहे’. यामागं चियेन लुंग या चिनी बादशहाची गोष्ट सांगतात. तो वेश पालटून हिंडत असताना त्यानं स्वतः नोकरांना चहा ओतून दिला. गुडघे टेकावेत तर गुपित फुटणार, म्हणून नोकरांनी बोटांचेच गुडघे टेकले. गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. पण तोंडात घास असताना आभार मानायची याहून चांगली रीत मी पाहिली नाही.

चहादाणीतलं पाणी संपलं की हाका मारत बसू नका. झाकण काढून अर्धवट तिरकं ठेवायचं. येताजाता कुणीतरी उकळतं पाणी भरून जातं. फारच वेळ झाला तर "म् गोय, गा सोय" म्हणायचं. ‘गा सोय’ म्हणजे पाणी वाढवा. ‘म् गोय’ हा शब्द एकटाच शिकलात तरी भागेल: अहो, जरा इकडे बघा, कृपया, आभारी आहे, जरा वाट द्या, सगळ्याला म् गोय.

वेटरबाई तुम्हाला ‘लेंग लोय’ म्हणाली तर हुरळू नका. त्याचा अर्थ ‘सुंदर मुलगी’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाळिशीला आलेली मी चक्क लाजले. लगेच तिनं शेजारच्या ऐंशीच्या आजींनाही त्याच नावानं हाक मारली. पुरुष असाल तर ‘लेंग जाय’.

चिठ्ठीवर खुणा

वाफेच्या ढकलगाड्या टेबलाटेबलांतून फिरताहेत आणि बायका पदार्थांची नावं ओरडताहेत, हे दृश्य आता कमी झालंय. बहुतेक ठिकाणी छापील चिठ्ठी आणि बुटकी पेन्सिल मिळते, नाहीतर टेबलावरचा कोड फोननं टिपून मागवायचं. इंग्रजी चिठ्ठी असते, पण आपण होऊन देत नाहीत, मागावी लागते.

पदार्थांच्या पाच प्रतवाऱ्या असतात: लहान, मध्यम, मोठा, खास आणि सर्वात वरचा. हे आकार नव्हेत, दर आहेत. ‘लहान’ लिहिलेली टोपली ‘खास’इतकीच मोठी असू शकते, आतला माल स्वस्त, एवढंच. दोघांना चारपाच टोपल्या पुरतात. आधी तेवढ्याच सांगा. चिठ्ठी दुसऱ्यांदा देता येते.

आता काय मागवायचं. आपल्या कोकणी माणसाला इथं परकं वाटायचं कारणच नाही, कारण हे सगळं उकडीचं राज्य आहे.

‘हा गाउ’ घ्या. कोळंबीची उकडलेली करंजी म्हणा हवं तर. तिची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात, म्हणजे उकडच. पारी इतकी पातळ, की आतली गुलाबी कोळंबी दिसते. वरच्या चुण्या किमान सात तरी हव्यात, चांगल्या हाताच्या दहाच्या वर जातात, असा जुना दंडक आहे. मोदकाच्या कळ्या मोजणाऱ्या सासूबाई लाभलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. चॉपस्टिकनं उचलताना पारी फाटली नाही आणि टोपलीच्या तळाला चिकटली नाही, तर स्वयंपाकघर चांगलं. नव्या हॉटेलात मी हा गाउ आधी मागवते, बाकीचं नंतर ठरवते.

‘च्युंग फन’ घ्या. तांदळाच्या पातळ पिठाचा थर वाफवून, सोलून, आत कोळंबी किंवा आणखी काही घालून केलेली गुंडाळी, वरून गोडसर सोया. सालपापड्या घालायच्या दिवशी, उन्हात टाकण्याआधी, वाफेवरची ओली पापडी आपण चोरून खायचो ना? तीच. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पो पोंना वाटलं, जीभ भाजली.

‘सिउ माय’ म्हणजे डुकराचं मांस आणि कोळंबीच्या उघड्या तोंडाच्या वाट्या. ‘छा सिउ बाउ’ म्हणजे भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचं सारण घातलेला पांढराशुभ्र पाव. चांगला जमला की तो वरून फुटतो. टोपलीत तीनच येतात, चौघं असाल तर भांडण ठरलेलं. ‘लो माय गाय’ म्हणजे कमळाच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात. पान खायचं नसतं, पातोळ्याच्या हळदीच्या पानासारखंच, वासापुरतं.

आणि हो, हे ‘गाय’. मराठी माणूस हे ऐकून दचकतो. कॅन्टोनीजमध्ये ‘गाय’ म्हणजे कोंबडी. गोमांस म्हणजे ‘न्गाउ युक’. डुकराचं ‘जू युक’. ‘हा’ म्हणजे कोळंबी, ‘यू’ म्हणजे मासा. तेव्हा वेटरनं "गाय?" विचारलं तर बिनधास्त मान डोलवा, आणि ‘न्गाउ’ कानावर पडलं की सावध व्हा. गोमांस वर्ज्य असेल तर "म् सिक न्गाउ युक" म्हणा. चिनी चिठ्ठीत ते अक्षर ओळखायलाही शिका. मधोमध एक उभी रेघ, तिच्यावर दोन आडव्या, खालची जरा लांब, आणि डावीकडे वर एक छोटा तिरपा फटकारा, मोडक्या शिंगासारखा. च्युंग फनमध्ये आणि वाफवलेल्या गोळ्यांत ते हमखास सापडतं.

‘फुंग जाउ’ म्हणजे कोंबडीचे पाय. आधी तळतात, मग काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रसात मऊ होईपर्यंत शिजवून वाफवतात. नावाचा अर्थ ‘फिनिक्सचे पंजे’. नाव मोठं, लक्षण मोठं असं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. खायची रीत: एक सांधा तोंडात घ्यायचा, जिभेनं कातडी सोडवायची, बारीक हाडं ताटलीत काढायची. मुंबईहून आलेल्या नातलगांपैकी निम्मे तिथंच डोळे मिटतात. मिटू देत. आपल्याला जास्त मिळतात.

पदार्थ कुठल्याही क्रमानं येतात. गोड अंड्याची कटोरी, ‘दान ताट’, सर्वात आधी आली तर ती गरम आहे तोवर आधी खा. जेवणाआधी गोड कसं, असा विचार करत बसलात तर ती थंड होईल आणि गंमत जाईल.

झणझणीत काही मिळणार नाही, हे मनाला बजावून या. मांचुरियन इथं नाही. तो आपल्या मुंबईचा. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. कॅन्टोनीज स्वयंपाक्याचा सगळा जीव पदार्थाची मूळ चव राखण्यात असतो. आलं, कांद्याची पात, सोया, पांढरी मिरी, बस. फारच अळणी वाटलं तर ‘लाट जिउ जेउंग’ मागा, मिरचीची चटणी. मी सुरुवातीला पर्समध्ये लसणीच्या तिखटाची डबी ठेवायचे. पो पोंनी एकदा चाखून बघितलं आणि त्या दिवशी पाच कप चहा प्यायल्या.

शाकाहारी असाल तर

इथं मी गोड बोलणार नाही. साध्या यम छा हॉटेलात कडक शाकाहारी माणसाचे हाल होतात.

माझे सासरे माळकरी. ते आले तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं ‘लो पाक गोउ’ मागवला. मुळ्याचा कीस आणि तांदळाचं पीठ एकत्र उकडून, वड्या पाडून, तव्यावर खरपूस परततात. नाव मुळ्याचं, दिसायला आपली कोथिंबीर वडी. बाबांनी एक वडी खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली, मग म्हणाले, "सूनबाई, यात हे तांबडं गाजर आहे का?" गाजर नव्हतं. ते ‘लाप च्युंग’ होतं, डुकराच्या मांसाचं वाळवलेलं सॉसेज. सोबत बारीक सोडेही. मला काय बोलावं कळेना. बाबांनी घास कागदात काढला, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, "पांडुरंगा, अजाणता झालं." मग मला म्हणाले, "तू खा, टाकू नको. महाग असेल."

तेव्हापासून मी नावावर विसंबत नाही. आपल्या डाळीभाताइतकं निर्धास्त इथं काही नसतं हे धरून चाला. हिरव्या भाजीवर ‘हो याउ’ म्हणजे कालवांचा सॉस ओतलेला असतो. कटोऱ्यांच्या आणि पफच्या पारीत डुकराची चरबी असू शकते. मँगो पुडिंगमध्ये बहुधा जिलेटिन असतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे काही न भरलेलं च्युंग फन, तीळ लावून तळलेले लाल चवळीसारख्या गोड सारणाचे गोळे, आणि भाजी. भाजी मागताना ‘हो याउ’ नको म्हणून सांगायचं, लसणावर परतून मागायची. संध्याकाळी मिळणारी ‘फू यू तुंग छोय’ माझी आवडती: आपली नाळीची भाजी, आंबवलेल्या टोफूवर परतलेली.

खरा उपाय एक शब्द आहे, ‘जाय’. म्हणजे बौद्ध शाकाहार. "न्गो सिक जाय", मी जाय खाते. हा शब्द ‘व्हेजिटेरियन’पेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण त्यात कांदा आणि लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या घरांना हे ऐकून हायसं वाटेल. पुष्कळ म्हातारी माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी जाय खातात, त्यामुळे जायची वेगळी हॉटेलंच आहेत आणि तिथं नुसत्या भाज्या, अळंबी आणि टोफूचं डिम सम मिळतं. डायमंड हिलला चि लिन मठाशेजारच्या नान लियान बागेत धबधब्यामागं असं एक आहे. लान्ताउ बेटावर मोठ्या बुद्धाजवळच्या पो लिन मठातही जेवण मिळतं. दुसऱ्या रविवारी बाबांना मी डायमंड हिलला नेलं. तिथं त्यांनी अळंबीचं सूप दोनदा मागितलं आणि निघताना आचाऱ्याला दुरून नमस्कार केला.

संध्याकाळचं जेवण

संध्याकाळी तेच हॉटेल निराळं होतं. टोपल्या नाहीत, मधोमध फिरती काच, तिच्यावर सगळ्यांत मिळून पदार्थ. माणसागणिक एक पदार्थ आणि वर एखादी भाजी, हा माझा हिशेब. काच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हलवा, आणि समोरचा वाढून घेत असताना हलवू नका. दोन जोड्या चॉपस्टिक दिसतील, बहुधा दोन रंगांच्या: एक ताटातलं आपल्या वाटीत वाढायला, दुसरी खायला. माझी अजूनही महिन्यातून एकदा गफलत होते. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. ते मृताच्या भातात खोचलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं, आणि टेबलावरचे म्हातारे एकदम गप्प होतात.

आधी सूप, ‘लाय तोंग’. त्या दिवशी जे उकळत ठेवलं असेल ते, तासन् तास, बहुधा हाडांसकट. मग बाकीचं. भात आपोआप येईलच असं नाही. "बाक फान" म्हणून मागायचा. वाटी हातात उचलून तोंडाजवळ न्यायची, वाकून खायचं नाही.

पण संध्याकाळी जायचं ते माशासाठी. दारातल्या काचेच्या टाक्यांत मासे पोहत असतात. ‘सेक बान’ म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीतला. बोटानं दाखवा, आणि सांगण्याआधी भाव विचारा. चिठ्ठीवर ‘चालू भाव’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तो ‘गान’वर सांगतात. एक गान म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम, आणि त्याचे १६ ‘ल्युंग’, जुन्या शेराच्या सोळा छटाकांसारखे. आम्ही एकदा भाव किलोचा समजून मान डोलावली आणि बिल बघून आमच्या ह्यांनी चष्मा पुसला. आता मी विचारते, "यात गान गेय दो चिन?" आणि पूर्ण माशाचं वजनही विचारते. वेटर तो जिवंत मासा पिशवीत धडपडत असताना टेबलाशी आणून दाखवतो. हाच शिजवायचा, असा तो करार. तुम्ही मान हलवायची.

"छिंग जिंग" सांगा, नुसता वाफवून. अख्खा मासा, वर आल्याचे आणि पातीचे धागे, त्यावर कडकडीत तेल, खाली पातळ सोया. काट्याला मांस किंचित धरून असतं, तेव्हा तो नेमका शिजलेला असतो. जास्त शिजवला तर इथले लोक परत पाठवतात. कोकणात मसाला आधी आणि मासा मग, अशी माझी जीभ घडलेली. हळदतिखट न लावता मासा खायचा म्हणजे मला पाप वाटायचं. एका घासात मत बदललं. ताज्या हेकरूला मसाल्याची गरज नसते, हे माझ्या आजीलाही पटलं असतं. मोठ्यानं बोलली नसती, इतकंच.

माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करतात. वरची बाजू संपली की मासा उलटा करायचा नाही. त्यानं होडी उलटते, अशी कोळ्यांची समजूत. मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवायचा आणि खालची बाजू खायची. गालातला मऊ तुकडा कुणी तुमच्या वाटीत ठेवला, तर समजा तुम्ही घरचे झालात. उरलेला सोया भातावर घ्या. तो ताटलीत सोडून उठणाऱ्यांची मला कीव येते.

बिल

"माय दान!" असं म्हणायचं, किंवा हवेत लिहिल्यासारखी बोटं हलवायची. बिलात १० टक्के सेवाशुल्क बहुधा आधीच मिळवलेलं असतं. वर सुट्टी नाणी ठेवलीत तर पुरे. उरलेलं खाणं "दा बाउ" म्हणून बांधून घ्या, त्यात कमीपणा नाही. चिनी नववर्षात गेलात आणि तुम्ही नेहमीचे असाल, तर ओळखीच्या वेटरला लाल पाकिटात थोडे पैसे द्यायची पद्धत आहे. पुढचं वर्षभर तुम्हाला खांबाआडचं टेबल मिळत नाही.

स्थानिक मंडळींसोबत असाल तर बिलावरून झटापट होईल. खरी. हात पिरगाळून बिल हिसकावतात, ओरडतात, शेजारच्यांना साक्षीला बोलावतात. पो पोंविरुद्ध मी बारा वर्षांत दोनदा जिंकले. दोन्ही वेळा त्या हात धुवायला गेल्या असताना जाऊन पैसे भरले. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी दाराला संत्र्यांची पिशवी अडकवलेली होती.

सेंट्रलला स्टॅन्ली स्ट्रीटवर लुक यू टी हाऊस आहे, १९३३ साली सुरू झालेलं, चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातल्या चहाच्या जाणकाराचं नाव लावणारं. तिथंही जा, पण हात बसल्यावर. आधी आपल्याच वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावर चारसहा मंगळवार काढा. आणि आमच्याकडे आलात, खिडकीजवळच्या गोल टेबलावर जांभळ्या स्वेटरातल्या एक आजी भिंगातून वर्तमानपत्र वाचताना दिसल्या आणि वेटरनं तुम्हाला तिथंच दाप तोय केलं, तर "जो सान" म्हणा, बसा, आणि आपली वाटी धुवायच्या आधी त्यांच्या कपात चहा ओता. त्या वर बघणार नाहीत. दोन बोटं मात्र टेबलावर वाजतील.